न्हाणघरामागचा वाफा

विहीणबाईंना कामाला हात लावू द्यायचा नाही, असं बिरुताने आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. पण इल्गाबाईंना ते कुणी विचारलं नव्हतं. लीगो म्हणजे भर उन्हाळ्यातल्या यानी सणाचा आदला दिवस. त्या सकाळी बिरुता दुधाच्या मोठ्या पातेल्यापाशी उभी होती, दही घातलेलं दूध फुटायच्या बेतात आलं होतं आणि त्याच वेळी इल्गाबाई बाह्या सरसावून दारात हजर झाल्या.

"मला काहीतरी काम द्या हो. नुसती बसून राहिले तर दुपारपर्यंत आजारी पडेन मी."

"बसा ना निवांत. पाहुण्या आहात तुम्ही," बिरुता म्हणाली. डाव दुधातून काढायची सोय नव्हती.

"पाहुणी या वर्षीची. पुढच्या यानीला माझा माटीस आणि तुमची लिएने बोहल्यावर चढले की संपलं पाहुणपण. मग आजपासूनच सवय करते की."

इल्गाबाई समुद्रकाठच्या गावच्या. तिथल्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभ्या राहायच्या, आणि बोलतानासुद्धा त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा असा लागायचा. बिरुताला त्या आदल्या संध्याकाळी गाडीतून उतरल्या तेव्हाच आवडून गेल्या होत्या, आणि म्हणूनच तिला जरा धास्ती वाटत होती. या घरात जे चाललंय ते या बाईला फार दिवस लपवता येणार नाही, हे तिला दिसत होतं.

"एक वाफा राहिलाय खुरपायचा," शेवटी बिरुता म्हणाली. "न्हाणघराच्या मागे. सासूबाईंचा आहे, पण कमरेच्या ऑपरेशनपासून त्यांना वाकवत नाही. संध्याकाळी गाणारे आले की आधी तिथंच जाऊन उभे राहतील मेले."

यावर इल्गाबाईंना काही समजावून सांगायची गरज नव्हती. लीगोच्या संध्याकाळी गाणाऱ्यांचा घोळका दारोदार हिंडतो तेव्हा त्याची नजर बिअरच्या पिंपाकडे नंतर जाते, आधी वाफ्यांकडे जाते. ज्याच्या वाफ्यात तण सापडलं त्याच्यावर तिथल्या तिथं कवनं रचली जातात, आणि ती कवनं पुढच्या वर्षीपर्यंत दुकानात, चर्चमध्ये, दुधाच्या गाडीपाशी ऐकू येत राहतात. बिरुताने बटाटे, बीट, कांदे, वाटाणा सगळं स्वच्छ केलं होतं. तेवढा एक वाफा राहिला होता. त्याला सासूबाई शेणखताचा कणसुद्धा घालू द्यायच्या नाहीत. एकदा बिरुताने प्रेमाने एक पाटी टाकली तर म्हातारीने चार दिवस अबोला धरला होता. संध्याकाळी धार काढायचं स्टूल घेऊन त्या तिथं एकट्याच बसायच्या. मुलाचं तोंड दिसू नये म्हणून बसतात, अशी बिरुताची समजूत होती.

"काय लावलंय त्यात?" इल्गाबाईंनी विचारलं.

"काही नाही हो. हराळी, चिकवीड आणि पीपेनेचे गड्डे माजलेत नुसते. जे दिसेल ते उपटा, ठेवण्यासारखं काही नाही त्यात."

पीपेने म्हणजे पांढऱ्या पाकळ्यांचं, मधोमध पिवळी टिकली असलेलं रानफूल. कुरणात असलं की ते फूल, डोक्यावरच्या मुकुटात गुंफलं की दागिना, आणि वाफ्यात उगवलं की तण. या देशात हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. बिरुताने दूध गाळलं, चोथ्यात शहाजिरं घातलं, फडक्यात बांधून चीजचा गोळा दगडाखाली दाबला आणि त्या वाफ्याचा विचार डोक्यातून काढून टाकला.

सासूबाई, म्हणजे आउस्माआजी, आणि लिएने सकाळीच गाडी घेऊन दफनभूमीत गेल्या होत्या. सणाआधी थडग्यांवरची वाळू नीट ओढून ठेवायची, तिथून परतताना मुकुटांसाठी ओकच्या डहाळ्या आणि रस्त्याकडेची फुलं आणायची. बिरुताच्या नवऱ्याने, उल्डिसने, बर्चच्या कोवळ्या फांद्या तोडून फाटकाला, दाराला, अगदी गोठ्याच्या खांबांनाही बांधल्या होत्या. वीतोली, त्यांचं सगळं शेतघर, हिरवंगार दिसत होतं आणि पिरागांचा, सारण भरलेल्या छोट्या पावांचा, खरपूस वास अंगणभर दरवळत होता. दोन्ही घरं पहिल्यांदाच एका टेबलाशी बसणार होती. बिरुताला त्याची जितकी भीती वाटत होती, खरं सांगायचं तर तितकाच आनंदही झाला होता.

जेवायला सगळे लिंडनच्या झाडाखाली बसले. आउस्माआजी एका टोकाला, उल्डिस बरोबर दुसऱ्या टोकाला. ही बसायची पद्धत तीन वर्षांची होती.

"बिरुता," आजी म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ इकडे दे म्हणावं."

मीठ उल्डिसच्या कोपरापाशी होतं. त्याने ते बिरुताच्या हातात दिलं, बिरुताने लिएनेच्या, लिएनेने आजीच्या.

"आणि तुझ्या सासूला विचार," उल्डिस म्हणाला, "औषध घेतलं का."

"घेतलं म्हणून सांग."

इल्गाबाई कौतुकाने बघत होत्या. त्यांना वाटलं, हा घरातला काहीतरी सणाचा खेळ असावा. त्यांनी आपल्या मुलाकडे पाहिलं. माटीसला लिएनेने सगळं सांगून ठेवलेलं, त्यामुळे तो बिचारा काकडीच्या ताटलीत डोळे घालून बसला होता.

खेळ वगैरे काही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आजी कमरेच्या ऑपरेशनसाठी रीगाला इस्पितळात होत्या तेव्हा उल्डिसने नदीकाठचं कुरण नांगरलं आणि त्यात गाईंसाठी विकतचं गवत पेरलं. दोन उन्हाळे कोरडे गेले होते, चारा पुरत नव्हता, त्याचंही काही चुकीचं नव्हतं. पण त्याने विचारलं नाही. सैबेरियातल्या हद्दपारीतून परत आल्यावर आजीची आई मिल्डा त्याच कुरणात येऊन आडवी पडली होती. घरात परकी माणसं राहत होती, गाय नव्हती, भांडं नव्हतं, ती पहिला उन्हाळाभर न्हाणघरात झोपली; पण कुरण मात्र पांढरंशुभ्र फुललेलं होतं, आणि ते कुणाला नेता आलं नव्हतं. पुढे आउस्माच्या लग्नाचा मुकुट त्याच फुलांचा झाला. बिरुता या घरात आली तेव्हा तिच्याही डोक्यावर तीच फुलं होती. इस्पितळातून परतलेल्या म्हातारीने खिडकीतून ते हिरवं, गुळगुळीत शेत पाहिलं आणि मुलाला कारण विचारलं. उल्डिस म्हणाला, "पीपेने काय, रस्त्याकडेलाही फुलतात." त्यानंतर आउस्माआजी त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. कुरणाकडची खिडकीही त्यांनी उघडली नव्हती.

तीन वर्षं दोघांच्या मधलं टपालखातं बिरुता चालवत होती. दोन्हीकडच्या शब्दांचे काटे काढून ती ते पोचवायची. आता तिला त्याचा इतका कंटाळा आला होता की कधीकधी गाईंना धारेला बांधतानाही तिच्या तोंडून "ती म्हणते, तो म्हणतो" निघायचं.

"आता मी एक सांगू का?" इल्गाबाई उठल्या. "आमच्याकडे लीगोला ज्याच्या शेतात शेवटचं तण निघतं, त्याला तणाचा मुकुट घालतात. तुमच्याकडेही असेलच."

"असतो तर," उल्डिस हसला. सकाळपासून पहिल्यांदाच हसला.

इल्गाबाईंनी बाकाखालून टोपली ओढली आणि दोन्ही हातांनी एक भला मोठा मुकुट वर काढला. हिरव्या पानांचे गड्डे मुळांसकट एकात एक गुंफलेले, मुळांना माती तशीच, मध्येमध्ये हराळीच्या शेंड्या मिशांसारख्या बाहेर आलेल्या. त्या उल्डिसच्या मागे गेल्या, मुकुट त्याच्या डोक्यावर बसवला आणि आवाज लावला:

"उल्डिसराव धन्याची रीतच न्यारी, लीगो, लीगो,
गाईंना गालिचा, वाफ्यात तणाची स्वारी, लीगो!"

लिएनेला हसू आवरेना. उल्डिसच्या कपाळावरून माती ओघळून नाकावर आली. त्यानेही मान डोलावून ताल धरला. बिरुताला वाटलं, चला, जमलं एकदाचं.

"उल्डिस."

आजी उभ्या राहिल्या होत्या. काठी न घेता.

"ते डोक्यावरून काढ."

हातातला पिराग उल्डिसने टेबलावर ठेवला, पण ताटलीत ठेवायचं त्याला सुचलं नाही. आई आपल्याशी बोलली की बायकोशी, हे बघायला त्याने बिरुताकडे पाहिलं.

"तुलाच सांगतेय. काढ. आणि हळू, मुळं तुटतील."

त्याने दोन्ही हातांनी मुकुट उतरवला आणि टेबलावर ठेवला. आजी टेबलाला धरत धरत आल्या. एक गड्डा त्यांनी हातात घेतला, पान उलटून पाहिलं, मुळाची माती बोटाने चाचपली आणि मग मटकन इल्गाबाईंच्या रिकाम्या जागेवर बसल्या.

"हे कुठून उपटलं?"

"न्हाणघरामागून," इल्गाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जवळच्या माणसालाही नीट ऐकू आला नाही.

"सगळं?"

"सगळं. अगदी स्वच्छ केलाय वाफा."

"त्या कुरणातल्या पीपेने होत्या," आजी म्हणाल्या. "शेवटच्या. लिएनेच्या लग्नासाठी वाढवत होते. या वर्षी एकही कळी फुलू दिली नाही मी, सगळ्या खुडून टाकल्या, म्हणजे मुळं भरतील, बाजूने पोरं फुटतील आणि पुढच्या यानीला सगळा वाफा एकदम फुलेल."

खत का नको, संध्याकाळी स्टूल घेऊन तिथं काय करतात, म्हातारीच्या अंगठ्याचं नख हिरवं का असतं, सगळं एका दमात बिरुताला कळलं. पीपेनेला सकस माती चालत नाही, नुसतीच पानं माजतात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण वाफ्यात कुणी पीपेने लावील, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

इल्गाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"माझीच चूक झाली," त्या म्हणाल्या. "नको तिथं हात घालायची सवयच आहे मला. कुणी काही सांगितलं नव्हतं, मीच आपली शहाणी."

माटीस उठून आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. लिएने आजीच्या शेजारी होती. लग्न ठरलेली दोन माणसं टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांकडे बघत होती, आणि ते बिरुताला बघवेना. आता गप्प बसलं तर विहीणबाई सगळं अंगावर घेणार, आणि हे ओझं पुढची चाळीस वर्षं या दोन घरांच्या मध्ये पडून राहणार. गप्प कसं बसायचं ते तिला चांगलं येत होतं. तीन वर्षं ती तेच तर करत होती.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "जे दिसेल ते उपटा, ठेवण्यासारखं काही नाही, असं मीच म्हणाले. यांचा काही दोष नाही."

"तू?" आजींनी मान वळवली. "इतकी वर्षं शेतात राबलीस, आणि तुला पीपेने ओळखू आल्या नाहीत?"

"ओळखल्या म्हणून तर उपटायला सांगितल्या, आई. वाफ्यातली पीपेने कुणी ठेवतं? एका शब्दाने सांगितलं असतंत तर मी स्वतः कुंपण घातलं असतं. मला नाही सांगितलंत. का, तर मी त्याला सांगेन म्हणून. तीन वर्षं तुमचं सगळं त्याला सांगतेय ना मी, मग हे एक सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?"

सासूशी असं ती कधी बोलली नव्हती. आवाज चढल्याचं तिच्या लक्षात आलं, पण खाली घ्यावासा वाटला नाही.

"कुठून आणल्यास?" उल्डिसने विचारलं. तो बिरुताकडे न बघता सरळ आईकडे बघत होता. "मी सगळं नांगरलं होतं."

"विजेच्या खांबाभोवती चार गड्डे राहिले होते. तिथं तुझा नांगर वळला नाही." आजींनी नाक ओढलं. "काठी टेकत गेले मी रांगल्यासारखी. त्यांचं बी धरलं, रिमझिम पाऊस झाला होता तेव्हा ओल्या मातीवर नुसतं पसरलं, तळव्याने दाबलं. वरून माती घातली की उगवत नाही ते, उजेड लागतो त्याला."

"मला बोलली असतीस तर मी काढून आणले असते गड्डे."

"तू म्हणाला होतास, रस्त्याकडेला फुलतात."

उल्डिसने मुकुट उचलला आणि मुळं नाकाजवळ नेली. शेतकऱ्याची सवय, दुसरं काही नाही.

"ओल आहे अजून," तो म्हणाला. "इल्गाताई, बाकीचं कुठं टाकलंत?"

"शेकोटीच्या ढिगावर. टेकडीवर. म्हटलं संध्याकाळी सगळं एकदम जळेल."

"उन्हात?"

यानंतर कोण आधी उठलं, हे पुढे कधीच ठरलं नाही. लिएनेचं म्हणणं तीच, माटीसचं म्हणणं तो. पण टेकडीवर सगळ्यांच्या आधी पोचल्या त्या इल्गाबाई, त्याही सणाचा लोकरी परकर गुडघ्यापर्यंत उचलून. बिरुता धुण्याचं टोपलं घेऊन धावली. मागून माटीस आजीला पाठुंगळीला घेऊन आला, कारण ती म्हातारी काही खाली थांबायला तयार नव्हती.

ढीग मोठा होता. खाली ओंडके, त्यावर गेल्या वर्षीचे वाळलेले मुकुट, आणि सगळ्यात वर सकाळचं तण. चिकवीड कधीच मान टाकून पडलं होतं. हराळी तशीच टवटवीत होती, तिला काय होतंय. पीपेनेची पानं मात्र चिंधीसारखी मऊ झाली होती.

"मेल्या का?" लिएनेने विचारलं.

"पानं गेली. पान जाऊ दे, गड्डा बघ," आजी म्हणाल्या. "मधला कोंब दाबून बघ. घट्ट आहे?"

"घट्ट आहे."

"मग जिवंत आहे. टाक टोपल्यात, आणि वरून ओलं पोतं घाल. तू काय बघत उभा राहिलायस रे जावईबापू, पाणी आण."

जावईबापू पाण्याला पळाले. लिंडनच्या सावलीत टेबलावरची ताटं बाजूला सारून तिथंच कारखाना सुरू झाला. उल्डिसने बादलीत चिकणमातीचा रबरबीत चिखल कालवला. बिरुता कात्रीने पानं निम्मी छाटून टाकायची, म्हणजे मुळांवर भार नको. इल्गाबाई पीपेने आणि तण वेगळं करत होत्या आणि एकेक पान वर धरून विचारत होत्या, "ही पीपेनेच ना? बघा हं, आता मी कुणाच्या शब्दावर जायची नाही." बिरुताला हसू फुटलं. मग इल्गाबाईंनाही फुटलं, आणि दोघी विहिणी चिखलाच्या हातांनी डोळे पुसत, पोट धरून हसत बसल्या.

पहिल्या वर्षी बियांतून उगवलेल्या गड्ड्यांपैकी एक आजींच्या हातात होता, चांगला ओंजळभर. चाकू दुसऱ्या हातात.

"काप ना," उल्डिस म्हणाला.

"आजपर्यंत नाही कापला. वाटायचं, मेला तर?"

"आता असाही उपटलेलाच आहे. आण इकडे."

त्याने गड्डा घेतला, चाकू लावलाच नाही, दोन अंगठे मधे घालून हळूच फाकवला. गड्डा भाकरी मोडावी तसा सुटला. त्यातून परत दोन, त्या दोनांतून परत. प्रत्येक तुकड्याला आपला कोंब, आपली मुळं. आजी बघत राहिल्या. वाफ्यात जे होतं त्याच्या कितीतरी पट ऐवज टेबलावर जमा व्हायला लागला. ओली पोती संपली, मग टेबलक्लॉथ भिजवला, मग उल्डिसचा सणाचा सदरा.

"वाफ्यात मावणार नाही हे," बिरुता म्हणाली.

त्यावर उल्डिसने हात झटकले, चिखलाची बादली खाली ठेवली आणि काही न बोलता गोठ्याकडे निघून गेला. थोड्या वेळाने ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

"गेला," आजी म्हणाल्या. "काम दिसलं की गाई आठवतात त्याला."

बिरुताचा जीव टांगणीला लागला होता. दुपारभर दोघं एकमेकांशी बोलत होती, ती मधे नव्हती, आणि तिला वाटत होतं की ही चैन फार वेळ टिकायची नाही. ती कान देऊन ऐकत राहिली. आवाज गोठ्याकडून रस्त्याकडे जायला हवा होता, पण तो उताराकडे, नदीकडे चालला होता. मग लोखंड मातीत घुसल्याचा आवाज आला.

लिएने कुंपणावर चढली. "आजी, बाबा शेत खरवडतायत. ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी बादलीने. गवताची सालच काढतायत सगळी, खाली पिवळी वाळू दिसतेय."

"वाळू दिसतेय?" आजींनी परत विचारलं. "वरची काळी माती काढतोय?"

"ढकलून बाजूला ढीग घालतायत."

म्हातारीने दोन्ही हात टेबलावर टेकले. "मला उठवा," त्या म्हणाल्या. "मला तिकडे न्या. तो उथळ काढेल, मला माहितीये, चांगल्या मातीसाठी त्याचा जीव तुटतो. मला न्या लवकर."

न्यायला उल्डिसच आला. उतारावरचा रस्ता कमरेला झेपणारा नव्हता, गाडी तिथं जात नव्हती. त्याने ट्रॅक्टरची पुढची बादली जमिनीला टेकवली, तिच्यात पोतं अंथरलं आणि धार काढायचं स्टूल ठेवलं.

"बस, आई."

"यात?"

"यात. हळू नेतो."

आउस्माआजी सणाचा शाल-ब्रोच, डोक्यावरचा फुलांचा मुकुट अशा थाटात ट्रॅक्टरच्या बादलीत बसल्या, दोन्ही कडांना धरून. पीपेनेची टोपली त्यांच्या मांडीवर होती. मागून दोन विहिणी बादल्या घेऊन, त्यांच्यामागून माटीस आणि लिएने. इल्गाबाईंना अशी वरात सोडवेना. त्यांनी गाणं सुरू केलं, आणि या वेळी त्यातल्या धन्याला त्यांनी बरीच चांगली विशेषणं लावली.

नदीकाठी उल्डिसने एक लांब पट्टा उघडा केला होता. आजी बादलीतूनच वाकून बघत होत्या.

"इथून त्या वाकलेल्या विलोच्या झाडापर्यंत घे," त्या म्हणाल्या.

"विलोपर्यंत नाही जमायचं. गाईंना खायला लागतं. मोठ्या दगडापर्यंत देतो."

"दगड इथं हाताशी आहे. तो काय पट्टा झाला? परसदार झालं."

"माझी सगळ्यात चांगली जमीन आहे ही, आई."

"म्हणून तर फुलं होती तिच्यावर, तू खत ओतण्याआधी."

"तेव्हा ती चांगली नव्हती. फुलं होती कारण ती रोड होती."

"मग कर रोड परत."

बिरुता टोपली घेऊन मधे उभी होती. तीन वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघालं, "आई म्हणतात, विलोपर्यंत..."

"ऐकलं मी," उल्डिस म्हणाला. "बहिरा नाही." आणि आईकडे वळून, "दगड आणि विलोच्या मध्ये. त्याच्यापुढे एक वीतही नाही."

"आणि नदीच्या बाजूने एक वळसा."

"बरं, एक वळसा."

मग सगळे गुडघ्यावर बसले. उल्डिस कुदळीने चर ओढत गेला, लिएने आणि माटीस मुळं चिखलात बुचकळून टाकत गेले, बिरुता माती दाबून बसवत गेली. नदीतून बादल्या भरून आणायचं काम इल्गाबाईंनी मागून घेतलं. आजी स्टुलावरून एकेक लावत होत्या आणि दुसऱ्याने लावलेलं उपटून परत लावत होत्या. ऊन अजून कडकच होतं. कापलेली पानं डोळ्यांदेखत मलूल होत होती.

"सावली पाहिजे," आजी म्हणाल्या. "नाहीतर उद्या सगळं वाळेल."

बिरुताने मागे वळून घराकडे पाहिलं. फाटकाला, दाराला, गोठ्याच्या खांबांना सकाळी बांधलेल्या बर्चच्या फांद्या तिथं वाऱ्यावर डोलत होत्या. तिने माटीसकडे पाहिलं. दोघं एकदमच निघाले. थोड्या वेळात वीतोलीचं सगळं तोरण उतरून पट्ट्यावर आलं. जिथंजिथं पीपेने लावली होती तिथंतिथं दक्षिणेच्या बाजूला एकेक फांदी मातीत खोवली. नदीकाठी बुटक्या बर्चचं रान उभं राहिल्यासारखं दिसायला लागलं.

टेकडीपलीकडून गाणाऱ्यांचे आवाज यायला लागले तेव्हा उन्हाचा रंग पिवळा झाला होता. शेजारच्या घरचे सगळे निघाले होते, पेटी घेऊन. बिरुताने अंगणाचा हिशेब मनातल्या मनात केला. फाटक उघडंबोडकं, टेबलावर चिखल, पिंपाला अजून तोटी बसवायची, न्हाणघरामागचा वाफा एखाद्या खड्ड्यासारखा, आणि यजमान अंगात सदरा न घालता चिखलात.

"आता कवनं ऐकायची तयारी ठेवा," ती इल्गाबाईंना म्हणाली. "दहा वर्षं पुरतील इतकी."

"गाऊ देत की," इल्गाबाई म्हणाल्या. "मी आहे ना उत्तर द्यायला. आता मी इकडची."

आवाज जवळ आले. घोळका फाटकापाशी थांबला, त्यांना घरात कुणी सापडेना, मग कुणीतरी खाली नदीकडे बोट दाखवलं. लिएनेने हात हलवला. आजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपलीत शेवटचा तुकडा राहिला होता, उल्डिसने अंगठ्यांनी फोडलेल्या त्याच मोठ्या गड्ड्यातला. त्यांनी तो मुलाच्या हातात दिला.

"हा तू लाव."

उल्डिसने जमिनीला हाताने खळगा केला, मुळं पसरून ठेवली, वाळू सारली आणि दोन्ही मुठींनी दाबली.

"भर उन्हाळ्यात उपटलेली, फाडलेली," तो म्हणाला. "यातली निम्मी तरी जगतील का गं? आणि पुढच्या यानीला फुलली नाहीत, तर?"

आउस्माआजींनी त्याच्या खांद्याला धरून स्टुलावरून उठायला सुरुवात केली. तो तसाच बसून राहिला, त्यांचं सगळं वजन पेलत, त्या उभ्या राहीपर्यंत.

"तर परत लावू," त्या म्हणाल्या. "तू चर ओढ, मी लावते."